मॅसी ३५ : पार्ट शोधताना ठेवलेल्या नोंदी

गोठ्यामागे जुनी मॅसी (ट्रॅक्टर) उभी आहे आणि ती पुन्हा चालू करायची आहे, अशा लोकांसाठी हे लिहून ठेवतोय. इंजिन बांधणारे मिस्त्री गावोगाव आहेत. पण पार्ट कुठून आणायचा आणि कोणत्या नावाने मागायचा, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझे चार महिने मुख्यतः त्यातच गेले.

१९ नोव्हेंबर २०२३, रविवार

भाऊबिजेला आईबरोबर यवतला गेलो होतो, तेव्हाच मामांना विचारलं होतं. मामा म्हणाले, "ने की. पण नेलीस तर चालू करूनच दाखव. तुझ्या आजोबांचा जीव होता तिच्यात." आज क्रेनच्या गाडीवर घालून पुण्याजवळ मांजरीच्या शेडमध्ये आणली. गाडीभाडं ५,५०० रुपये. पुढची दोन्ही चाकं बसलेली, मागचे टायर चिरलेले, बॉनेटवर लिंबाचा पाला कुजून पत्रा खाल्लेला. शेवटची कधी चालली, यावर मामा-मामींचं एकमत होत नाही. सतरा-अठरा वर्षं तरी झाली.

डॅशबोर्डवरच्या प्लेटवर कुणीतरी लाल रंग मारला होता. सँडपेपर न लावता रॉकेलच्या फडक्याने हळूहळू पुसली. अक्षरं खोल नाहीत, घासली असती तर गेलीच असती. नंबर लागला. ही इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीत बनलेली मॅसी फर्ग्युसन ३५ आहे, तीन सिलिंडरचं पर्किन्स इंजिन असलेली. ३५ मध्ये आधी चार सिलिंडरचं स्टँडर्ड कंपनीचं डिझेल इंजिन होतं, ते थंडीत सुरू व्हायला फार त्रास देई. १९५९ च्या अखेरीस त्याच्या जागी पर्किन्स आलं. आमची त्यानंतरची, म्हणून मिस्त्री खूश.

इंजिन नंबर ब्लॉकवर वेगळा असतो. दोन्ही नंबर वहीत लिहा, फोटोही काढून ठेवा.

२६ नोव्हेंबर

हेड उतरवलं. दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये पाणी साचून लायनर गंजलेला, पिस्टन जाम. डिझेल आणि गिअर ऑईल मिसळून ओतून ठेवलं. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड मधोमध तडकलेला, दोनदा वेल्डिंग केल्याच्या खुणा. उतरवताना त्याचे दोन तुकडे झाले, तेही पोत्यात घालून ठेवले. रेडिएटरची वरची पितळी टाकी चेपलेली.

मिस्त्रींची रोजची मजुरी १,२०० ठरली, रविवार धरून आठवड्याला दोन दिवस. बाकी दिवस मी नोकरीवरून आल्यावर संध्याकाळी.

३ डिसेंबर

आजची चूक पूर्ण माझी. टायमिंग कव्हरचा एक बोल्ट गंजून मोडला होता, तो काढून भोक साफ केलं. घरात ८ मिमीचे नवे बोल्ट होते. हातानं दोन आटे सहज गेला, मग जड झाला. मला वाटलं भोकात घाण आहे, म्हणून पाना लावला. बोल्ट गेला, पण भोकातले आटे घेऊन गेला.

हा ट्रॅक्टर इंची आट्यांचा आहे. ते भोक ५/१६ यूएनएफचं (बारीक इंची आट्यांचं), म्हणजे व्यास ७.९४ मिमी आणि इंचाला २४ आटे. ८ मिमीच्या बोल्टला इंचाला वीसच्या आसपास आटे येतात. जाडी जवळजवळ सारखी, म्हणून सुरुवातीला फसवतो. १० मिमीचा बोल्ट ३/८ च्या भोकात शिरतच नाही, तो बिचारा निदान खरं सांगतो. आता ते भोक मोठं करून ३/८ चा टॅप मारावा लागला. कव्हरवरच्या एका बोल्टचं डोकं कायमचं वेगळं दिसणार.

पान्यांचंही तेच. १९ चा मिमी पाना ३/४ ला बसतो, ८ चा ५/१६ ला बसतो. पण १३ चा पाना १/२ च्या डोक्यावर ढिला पडतो आणि गंजलेल्या बोल्टची टोकं गोल करतो. आमच्या आधी कुणी कुणी काम केलंय ते या गोल झालेल्या बोल्टांवरून मोजता येतं.

६ डिसेंबर, बुधवार

अर्धी रजा टाकून पुण्यातल्या जुन्या बाजारात. तो बुधवारी आणि रविवारीच भरतो, रविवारी गर्दीत खाली वाकून बघायलाही जागा नसते. एका पथारीवर इंची रिंग पान्यांचा जुना सेट मिळाला, ९/१६ आणि ३/४ सकट, ६५० रुपयांत. दुसरीकडे ७/१६ यूएनएफचा टॅप ८० ला.

तिथून बोहरी आळी. तीन दुकानांत "इंची बोल्ट आता कोण ठेवतं" हेच उत्तर. चौथ्या दुकानातल्या आजोबांनी माझा जुना बोल्ट हातात घेतला, पात्यांचा गेज लावून आटे मोजले आणि मागच्या फळीवरून डबा काढला. मी बोल्ट न नेता नुसतं "मॅसीचा बोल्ट द्या" म्हटलं असतं, तर त्यांनीही नाहीच म्हटलं असतं. आटे मोजायचा गेज तिथेच घेतला, २२० रुपये. सगळ्या कामात सर्वांत जास्त वेळा हातात आलेली वस्तू हीच.

१२ डिसेंबर

सोलापूर रस्त्यावरच्या एका ट्रॅक्टर पार्टच्या दुकानात लायनर-पिस्टनचा सेट मागितला. "मॅसी पस्तीस" म्हणून सांगितलं. दुकानदारांनी लगेच काढून दिला. ९,८०० रुपये. घरी येऊन वर्निअर लावला तर पिस्टन ८८.९ मिमी. माझा जुना ९१.४ च्या वर. म्हणजे त्यांनी दिला साडेतीन इंची, मला हवा ३.६ इंची.

दुकानदारांची चूक नाही. १९६० मध्ये तेव्हाच्या मद्रासमध्ये मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्यानं टॅफे सुरू झाली. तिथली १०३५ आपल्याकडे इतकी चालली, आणि अजून चालते, की पुण्यात "मॅसी पस्तीस" म्हणजे १०३५. रूप तेच, बोनेटखालचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) वेगळा. माझ्या इंजिनचा बोअर ३.६ इंच, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ५ इंच, तीन सिलिंडरचे मिळून अडीच लिटर. दुकानात जाण्याआधी ही मापं चिठ्ठीवर लिहून न्यायला हवी होती.

सेट परत घेतला त्यांनी, पण बॉक्स फोडला म्हणून १,५०० कापून.

१६ डिसेंबर

मोशीच्या किसान प्रदर्शनात गेलो. जुन्या ट्रॅक्टरचं तिथे काही नसणार हे माहीत होतं, पण पार्ट बनवणाऱ्यांशी थेट बोलता येईल म्हणून गेलो. ऑईल सील आणि ओ-रिंगच्या एका स्टॉलवर अर्धा तास बसलो. त्यांनी शिकवलं ते असं : सीलला ट्रॅक्टरचं नाव नसतं, तीन मापं असतात. शाफ्टचा व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. सील जुना झाला की ओठ झिजतो, म्हणून आतलं माप सीलवरून घेऊ नका, शाफ्टवरून घ्या. माझ्या पीटीओ शाफ्टचा (मागून अवजार फिरवणाऱ्या दांड्याचा) व्यास १ ३/८ इंच, म्हणजे ३४.९३ मिमी. त्याला ३५ चा मिमी सील चालतो, बाहेरचा व्यास जुळला तर. जुळला. १४० रुपये.

बेअरिंगचंही तसंच. पुढच्या चाकांचे टेपर रोलर काढून कडेला कोरलेला नंबर वाचला. इंची टेपर बेअरिंगचा नंबर कुठल्याही कंपनीत तोच असतो. चारही बेअरिंग नाना पेठेत एका फेरीत मिळाली, आणि दुकानदारांनी कुठल्या गाडीची म्हणून विचारलंही नाही.

२४ डिसेंबर

यवतला गेलो. पिस्टनचा घोळ मामांना सांगितला, तर मामी म्हणाल्या, "अरे, वर माळ्यावर तुझ्या आजोबांचा डबा आहे की लोखंडाचा." डालड्याचा जुना चौकोनी डबा. आत आजोबांनी काढून ठेवलेला एक फुटका पिस्टन, नोजल, जुन्या गॅस्केटचे तुकडे, हातभर लांब दोरीसारखा सील आणि एका बेअरिंगचा अर्धा शेल. शेलच्या पाठीवर "०१०" कोरलेलं. म्हणजे क्रँक (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) एकदा दहा हजारांश इंचानं (०.०१० इंच) घासून झालेला आहे. मिस्त्रींनी हे ऐकून लगेच सांगितलं, आता पुढचा शेल वीसचा मागवा, पण आधी क्रँक मोजा.

एकही तुकडा आजोबांनी टाकला नव्हता. मी मात्र पहिल्या दिवशी माळ्याचं विचारलं नाही, त्याची किंमत दीड हजार आणि सहा दिवस.

२ जानेवारी २०२४

क्रँक भोसरीत मोजून घेतला. वीसवर येतोय, त्याच्याखाली जायची गरज नाही. घासायला २,४००.

पिस्टनसाठी पुण्यात अजून एक वाट तपासली. टॅफेच्याच २४१ मॉडेलचं इंजिनही तीन सिलिंडर, अडीच लिटरचं. त्या नावाने मागितल्यावर बोअर बरोबर जुळला. पण हाती आलेल्या सेटमध्ये पिस्टनच्या डोक्यावरचा खड्डा माझ्या जुन्या पिस्टनशी जुळेना. मिस्त्री ठाम होते : "बसेल साहेब, पण ज्वाळा कुठे लागेल सांगता येत नाही." फुटका पिस्टन शेजारी ठेवून बघता आला म्हणून हे कळलं. नाही घेतला.

शेवटी दिल्लीच्या काश्मीरी गेट बाजारातल्या एका व्यापाऱ्याला फुटक्या पिस्टनचे चार बाजूंनी फोटो पाठवले, शेजारी वर्निअर ठेवून. पिनचा व्यास, पिनच्या मध्यापासून डोक्यापर्यंतची उंची, खड्ड्याची रुंदी आणि खोली, सगळं मिमीमध्ये. ते परदेशी मॅसी ३५ आणि १३५ साठी माल पाठवतात. तासाभरात उत्तर आलं. लायनर, पिस्टन, रिंगा, वीसचे शेल, पूर्ण गॅस्केट सेट मिळून १७,६०० आणि वाहतूक वेगळी. मॅनिफोल्ड मात्र त्यांच्याकडे संपलेला, सहा आठवडे थांबा म्हणाले.

७ जानेवारी

मॅनिफोल्डसाठी थांबायचं नाही असं ठरवलं आणि कोल्हापूरला उद्यमनगरात गेलो. तिथल्या फाउंड्रीत ओतकाम करून मिळतं हे खरं, पण मी जे केलं ते करू नका. जुन्या मॅनिफोल्डचे दोन तुकडे जुळवून, वेल्ड करून, तोच साचा म्हणून दिला. मुख्य कारागीर जागेवर नव्हते, तिथल्या मुलानं घेतला.

१३ जानेवारी

मॅनिफोल्ड आला. दिसायला देखणा. हेडवर धरला तर मधलं तोंड बसतं, टोकाची दोन्ही भोकं आत. टोकाच्या भोकांमधलं अंतर तीन मिमी कमी.

फोन केला तेव्हा फाउंड्रीतल्या काकांनी शांतपणे समजावलं. बीड (ओतीव लोखंड) थंड होताना साधारण एक टक्का आटतं. म्हणून साचा नेहमी तेवढा मोठा करतात. जुना पार्टच साचा म्हणून वापरला की नवा हटकून लहान येतो. लहान झाकणाला चालून जातं, तीनशे मिमी लांबीच्या मॅनिफोल्डला नाही. वर जोडीची पृष्ठं घासायलाही माल जास्त ठेवावा लागतो. त्यांनी लाकडाचा नवा साचा करायला सांगितला, ३,५०० रुपये. पहिलं ओतकाम त्यांनी भंगाराच्या भावानं परत घेतलं, तेवढंच.

यावेळी तुकड्यांबरोबर हेडच्या तोंडांचा पुठ्ठ्यावर छाप घेऊन दिला. पुठ्ठा हेडवर ठेवून कडेनं हातोडीनं हलकं ठोकत गेलं की भोकं आपोआप उमटतात.

१४ जानेवारी

लायनर भोसरीत बसवून, बोअर करून आले. कामाचा दर्जा उत्तम. इंजिन खालून बांधायला घेतलं. क्रँकच्या मागच्या सीलला या इंजिनात रबरी रिंग नसून ग्राफाइट लावलेली दोरी असते, आजोबांच्या डब्यातली दोरी तीच. दोन अर्धगोल घरांत दाबून बसवायची. टोकं जास्त दिसली म्हणून मी ब्लेडनं घराच्या कडेबरोबर कापून टाकली. नीटनेटकं दिसलं.

२८ जानेवारी

नवा मॅनिफोल्ड बसला, एकाही भोकाला कानस लागली नाही. पाण्याच्या टाकीचं काम तांबट आळीत करून घेतलं. रेडिएटरवाल्यानं टाकी काढून दिली, तिथल्या एका काकांनी चेपलेली जागा आतून ठोकून सरळ केली, परत डागून घेतली. ठोकण्याचे ४०० रुपये. नव्या रेडिएटरचे नऊ हजार वाचले.

इंजिन गिअरबॉक्सला जोडलं, ऑईल भरलं, स्टार्टरनं नुसतं फिरवून ऑईल प्रेशर बघितलं. प्रेशर चांगलं. रात्री खाली पुठ्ठा ठेवून गेलो.

२९ जानेवारी

पुठ्ठ्यावर वहीएवढा डाग, क्लच हाउसिंगच्या तळाच्या भोकातून. मागचा सील.

दोरीची टोकं कडेबरोबर कापायची नसतात. दहा ते वीस हजारांश इंच, म्हणजे पाव ते अर्धा मिमी, बाहेर ठेवायची. दोन्ही घरं आवळली की टोकं एकमेकांवर दाबली जातात आणि फट बंद होते. मी कापून फट तयार केली. हे मिस्त्रींना माहीत होतं, पण त्या दिवशी दोरी मी बसवत होतो आणि ते हेडवर होते. मी विचारलं नाही.

याचा अर्थ ट्रॅक्टर पुन्हा दोन भाग करणं. या ट्रॅक्टरला चासी नाही. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल एकमेकांना बोल्टनं जोडलेले, तेच अंग. वेगळं करताना पुढचा भाग एका पिनवर झुलतो, तो कुठल्याही बाजूला कलू शकतो. पुढच्या अ‍ॅक्सलवर दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी घट्ट मारल्याशिवाय एकही बोल्ट सोडू नका. गिअरबॉक्सखाली जॅक नको, लाकडी ओंडके ठेवा.

४ फेब्रुवारी

दोरी नव्यानं. अर्ध्या तासाचं काम, त्यासाठी चार संध्याकाळी, एक रविवार, मजुरी २,४००, क्लच प्लेटवर उडालेलं ऑईल म्हणून नवी प्लेट ३,१००. प्लेट १०३५ ची, व्यास आणि मधले दात मोजून घेतली. बरोबर बसली.

क्लच, गिअरबॉक्स, मागच्या अ‍ॅक्सलचे बरेच पार्ट १०३५ चे जुळतात, असा माझा आतापर्यंतचा अनुभव. इंजिनच्या बाबतीत मात्र दरवेळी मोजायचं.

११ फेब्रुवारी

डिझेल पंप. सीएव्ही कंपनीचा डीपीए जातीचा, फिरत्या रोटरचा. ही जात आपल्याकडे अनेक ट्रॅक्टरवर असल्यानं सील किट कुठेही मिळते. पंपाच्या अंगावरची छोटी प्लेट मात्र जपा, टेस्ट बेंचवर किती डिझेल सोडायचं ते त्या नंबरावरून ठरतं. आमची अर्धी खोडलेली होती, टॉर्च तिरका धरून वाचली. किट आणि कॅलिब्रेशन मिळून ४,८००. नोजल तिन्ही तपासले, डब्यातला चौथाही. एक जुना गेला, त्या जागी आजोबांचा बसवला.

१८ फेब्रुवारी

व्हॉल्व्ह क्लिअरन्स थंड इंजिनवर बारा हजारांश. पंपाच्या दोन्ही स्क्रूंमधून हवा काढली, फेसाचं डिझेल थांबेपर्यंत. मग नोजलकडच्या नळ्या ढिल्या करून.

सव्वापाच वाजता सुरू झाला. आधी एक सिलिंडर, मग दोन, मग तिन्ही. मिस्त्रींनी बराच वेळ कान सायलेन्सरकडे न देता टायमिंग कव्हरकडे दिला होता. मग नुसती मान हलवली. मामांना फोन लावून तो इंजिनजवळ धरला. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही.

२५ फेब्रुवारी

लिफ्ट (मागचं अवजार वर घेणारी) उचलत होती, पण इंजिन बंद करताच दोन मिनिटांत खाली. सगळ्यांनी सांगितलं, लिफ्टचा सिलिंडर गेला, लिफ्ट कव्हर पूर्ण खोला, पंधरा हजार धरून चला. चेन पुलीनं कव्हर उचललं. पंपातून वर जाणाऱ्या उभ्या नळीच्या दोन्ही टोकांना ओ-रिंगा असतात, त्या दगडासारख्या झाल्या होत्या. मोशीच्या स्टॉलवाल्यांकडून मापानं मागवल्या, दोन्ही मिळून ६० रुपये. रॅमच्या (लिफ्टच्या सिलिंडरच्या) बोअरला हात लावला नाही. आत चकचकीत आहे.

गिअरबॉक्स, लिफ्ट आणि डिफरन्शियलचं ऑईल एकच असतं. जुनं काढलं तेव्हा दुधाळ होतं, म्हणजे पाणी. नव्यासाठी वीस लिटरचे दोन डबे आणले, दुसऱ्यात थोडं उरलं. पंधरा दिवस चालवून पुन्हा बदलणार.

१० मार्च

पुढच्या अ‍ॅक्सलच्या मधल्या पिनचा बुश. याला कुठलाच पार्ट शोधला नाही. पिन अंडाकृती झिजलेली, मग नव्या बुशाला अर्थ नाही. लेथवाल्या काकांनी पिन घासून गोल केली आणि तिच्या मापानं गनमेटलचा बुश ओढला. ग्रीसची खाच आतून कोरली, आधीच्या बुशात ती नव्हतीच, म्हणून झिजला असावा. १,१०० रुपये.

टायर सगळ्यांत सोपे गेले. पुढचे ६.००-१६, मागचे १२.४-२८, दोन्ही मापं आजही चालू आहेत.

आतापर्यंतचा हिशेब : पार्ट ६८,४०० (टायर धरून नाही), मजुरी आणि लेथ ४१,०००, माझ्या चुकांमुळे वाया गेलेले साधारण अकरा हजार त्यात धरलेत.

१७ मार्च

पुढची जाळी अजून नाही. एकानं नव्या बनावटीची दाखवली, तिची भोकं जुन्यापेक्षा बारीक. मूळ जाळीचा खालचा कोपरा शाबूत आहे, त्यावरून भोकाचं माप आणि दोन भोकांमधली पट्टी मोजून ठेवली आहे. भोसरीत पत्रा पंच करणाऱ्यांकडे मंगळवारी जायचंय. ट्रॅक्टरमीटरची सुईही मेलेली आहे, तो खोलून एका स्पीडोमीटर दुरुस्त करणाऱ्यांकडे दिलाय.

मामा सकाळी यवतहून आले. बसायच्या आधी खाली वाकून पुठ्ठा ओढून काढला आणि उजेडात धरून बघितला. क्लच हाउसिंगखाली कोरडा. पुढच्या पुलीखाली रुपयाएवढा एक डाग. पुढच्या सीलचं माप वहीत लिहिलेलं आहे, उद्या नाना पेठेत जातो.